लिनक्स कर्नलमधले सिग्नल आणि त्यांत होत गेलेले बदल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत यंत्रांची माहिती गोळा करणारे प्रोग्रॅम लिहिणारी मंडळी, गंगापूर रोड आणि कॉलेज रोड भागातले अभियांत्रिकीचे विद्यार्थी, नाशिकमध्ये घरून काम करत पुण्या-मुंबईचे सर्व्हर सांभाळणारे काही जण, अशा सगळ्यांकडून मला सिग्नलबद्दल प्रश्न येतात. बरेचसे तेच ते असतात, म्हणून इथे एकत्र लिहिले आहेत. उत्तरं लिनक्सपुरती आहेत. आज्ञांची आणि फंक्शनांची नावं वाचायला सोपी जावीत म्हणून देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर ती नेहमीसारखी रोमन अक्षरांतच टाइप करायची.

१. सिग्नल म्हणजे नक्की काय? एका प्रोसेसने दुसरीला पाठवलेला मेसेजच ना?

मेसेज म्हटलं की आपण त्यात मजकूर असेल, तो पोचेल आणि दहा पाठवले तर दहा पोचतील, असं धरून चालतो. साध्या सिग्नलमध्ये यातलं काहीच नसतं. असतो तो एक क्रमांक. पाठवणाऱ्याने कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, सांगायचं, कर्नल समोरच्या प्रोसेसच्या (चालू असलेल्या प्रोग्रॅमच्या) नोंदीत त्या क्रमांकाचा बिट चढवतो, आणि योग्य वेळ आली की प्रोसेसला त्याची दखल घ्यायला लावतो. पाठवणारी दुसरी प्रोसेस असू शकते, टर्मिनल असू शकतं किंवा खुद्द कर्नल असू शकतो. चुकीच्या पत्त्यावर हात घातला की येणारा सिगसेग्व्ही, म्हणजे ११ नंबर, कर्नलच पाठवतो.

एक्स-८६ वर, म्हणजे नेहमीच्या इंटेल-एएमडी प्रोसेसरांवर, एकूण ६४ क्रमांक आहेत. १ ते ३१ हे जुने, साधे. ३२ पासून पुढचे रिअल-टाइम. त्यातले ३२ आणि ३३ जीलिबसी (लिनक्सवरची नेहमीची सी लायब्ररी) थ्रेडच्या कामासाठी स्वतःकडे ठेवते, म्हणून आपल्या वाट्याला ३४ पासून येतात.

२. कंट्रोल-सी आणि किल यांत फरक काय? दोन्हींनी प्रोग्रॅम बंदच होतो.

कंट्रोल-सी दाबल्यावर टर्मिनलचा ड्रायव्हर सिगइंट, क्रमांक २, समोर चालू असलेल्या पूर्ण गटाला पाठवतो. पाइप लावून तीन प्रोग्रॅम जोडले असतील तर तिघांनाही तो मिळतो. किल आज्ञा तुम्ही दिलेल्या एका प्रोसेसला सिग्नल पाठवते. क्रमांक दिला नाही तर सिगटर्म, म्हणजे १५. कंट्रोल-झेड दाबलं तर जातो २० नंबर. त्याने प्रोग्रॅम मरत नाही, नुसता थांबतो.

३. पंचवटी एक्स्प्रेसने जाताना कसारा घाटात नेट गेलं आणि सर्व्हरवरचं चालू काम मेलं. त्याचा सिग्नलशी काय संबंध?

थेट संबंध आहे. एसएसएचचा धागा तुटल्याचं सर्व्हरच्या लक्षात आलं की तो तुमचं टर्मिनल बंद करतो. टर्मिनल बंद झाल्याचा सिग्नल म्हणजे सिगहप, क्रमांक १. तो तुमच्या शेलला मिळतो, शेल तो आपल्या कामांना पुढे देतं, आणि हँडलर, म्हणजे तो सिग्नल आल्यावर चालवायला प्रोग्रॅमने लावलेलं फंक्शन, नसेल तर सिगहपने प्रोसेस मरते. नोहप लावून काम सुरू केलं तर ते वाचतं, कारण नोहप आधी सिगहपकडे दुर्लक्ष करायला सांगतं आणि मग तुमचा प्रोग्रॅम सुरू करतं. ते दुर्लक्ष नव्या प्रोग्रॅममध्येही कसं टिकतं, ते प्रश्न ११ मध्ये आहे. लांबलचक कामासाठी टीमक्स किंवा स्क्रीन वापरणं जास्त बरं, कारण परत जोडून पुढचं काम पाहता येतं.

४. किल -९ ने हमखास काम होतं. मग आधी १५ पाठवून वाट कशाला बघायची?

कारण ९ नंबर प्रोसेसपर्यंत पोचतच नाही. सिगकिलला हँडलर लावता येत नाही, तो अडवता येत नाही, त्याच्याकडे दुर्लक्षही करता येत नाही. प्रोसेसला आवराआवर करायला एक ओळसुद्धा मिळत नाही.

अंबडच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये मी सीएनसी यंत्राचे नग मोजणारा लॉगर बसवला होता. यंत्राकडून सिरियल पोर्टवर एक ओळ आली की एक नग. रात्रपाळी संपली की एक स्क्रिप्ट लॉगर बंद करून फाइल पुढे पाठवायची. सकाळी पेटीतले नग आणि फाइलमधली मोजणी जुळेना. फरक रोज वेगळा, कधी चाळीस, कधी शंभरच्या वर. आठवडाभर रात्रपाळीच्या ऑपरेटरकडे संशयाने पाहिलं गेलं. तो बिचारा रोज नग हाताने मोजून वहीत लिहायला लागला, आणि त्याची वही बरोबर होती. चूक स्क्रिप्टमधल्या किल -९ ची होती. प्रिंटएफने लिहिलेल्या ओळी आधी प्रोसेसच्या स्वतःच्या बफरमध्ये साठतात. फाइलसाठी हा बफर साधारण ४,०९६ बाइटचा असतो. तो भरला किंवा प्रोग्रॅम रीतसर संपला, तरच त्या ओळी कर्नलकडे जातात. ९ नंबरने बफरसकट सगळं गेलं.

यात एक बारीक गोष्ट आहे. राइटने एकदा कर्नलकडे सोपवलेला मजकूर सिगकिलने जात नाही, प्रोसेस मेल्यावरही तो डिस्कवर उतरतो. वीज गेली तर मात्र तोही जाऊ शकतो, त्यासाठी एफसिंक लागतं. दोन्ही वेळा फाइल अपुरीच दिसते, पण कारणं वेगळी असतात आणि उपायही वेगळे.

तेव्हा १५ पाठवा, दहा सेकंद थांबा, तरीही जिवंत असेल तरच ९.

५. किल -९ देऊनही प्रोसेस यादीत दिसतेच आहे. असं कसं?

पीएसच्या यादीत स्थितीचं अक्षर पाहा. झेड असेल तर ती झाँबी आहे, म्हणजे मेलेलीच आहे. तिच्या पालकाने, म्हणजे तिला सुरू करणाऱ्या प्रोसेसने, वेटपिड करून निकाल उचललेला नाही एवढंच. मेलेल्याला परत मारता येत नाही, पालकाकडे बघावं लागतं.

डी असेल तर ती कर्नलच्या आत अशा झोपेत आहे की कोणत्याही सिग्नलने उठत नाही. बहुतेक वेळा डिस्कची किंवा नेटवर्कवरच्या फाइलव्यवस्थेची वाट पाहत असते. तुमच्या ९ नंबरची नोंद झालेली असते, पण ती जागी होईपर्यंत अंमल होत नाही. पूर्वी एनएफएसचा (अशाच एका नेटवर्कवरच्या फाइलव्यवस्थेचा) सर्व्हर बंद पडला की यंत्र पुन्हा सुरू करण्यावाचून गत्यंतर नसायचं. २००८ मध्ये आलेल्या कर्नलच्या २.६.२५ आवृत्तीत मधली एक स्थिती आली, टास्क-किलेबल. या झोपेतली प्रोसेस बाकी सिग्नलांनी उठत नाही, पण जीवघेण्या सिग्नलने उठते. एनएफएसच्या बऱ्याच वाटा त्यावर नेल्या गेल्या. माझ्या मते सिग्नलांच्या बाबतीत रोजच्या कामात सगळ्यात जास्त सुख देणारा बदल हाच. ज्या ड्रायव्हरांनी तो वापरला नाही, तिथे मात्र डी अजूनही डीच आहे.

६. एकच सिग्नल लागोपाठ तीनदा पाठवला, हँडलर एकदाच चालला. कर्नलमध्ये बग आहे का?

नाही. साध्या सिग्नलची नोंद शाळेच्या हजेरीपटासारखी असते. मुलगा वर्गात किती वेळा आत-बाहेर झाला याची मोजदाद नसते, हजर असल्याची एक खूण असते. पहिला सिग्नल हाताळला जायच्या आत दुसरा-तिसरा आला तर तो त्याच खुणेत जमा होतो.

याचा फटका बसतो सिगचाइल्डला, म्हणजे मूल प्रोसेस संपल्यावर पालकाला येणाऱ्या सिग्नलला. अशी पाच मुलं एकदम संपली आणि सिग्नल एकच आला, तर हँडलरमध्ये एकदाच वेटपिड करणारा प्रोग्रॅम चार झाँबी मागे ठेवतो. म्हणून न थांबता परतणारं वेटपिड लूपमध्ये चालवायचं, उचलण्यासारखं कोणी उरलं नाही असं उत्तर येईपर्यंत.

रिअल-टाइम सिग्नल लासलगावच्या आवारात लागलेल्या कांद्याच्या ट्रॅक्टरांसारखे: प्रत्येकाची रांगेत वेगळी जागा, प्रत्येकाबरोबर आपापला माल. इथे माल म्हणजे एक छोटी संख्या किंवा पॉइंटर. पण रांगेला मर्यादा आहे. ती यूलिमिट -आय ने दिसते. ती भरली की सिगक्यू हे फंक्शन पाठवणाऱ्याला चूक परत देतं, आणि ते तपासणारे प्रोग्रॅम मी फार थोडे पाहिले आहेत.

७. हँडलर नेमका कधी चालतो? सिग्नल आल्या क्षणी?

कर्नलमधून प्रोसेसच्या कोडकडे परतताना. सिस्टिम कॉल संपताना किंवा इंटरप्टनंतर परत जाताना कर्नल पाहतो की काही सिग्नल साचलाय का. असेल तर चालू रजिस्टरांची स्थिती प्रोसेसच्या स्टॅकवर मांडतो आणि प्रोसेसला हँडलरच्या पहिल्या ओळीवर सोडतो. हँडलर संपला की सिगरिटर्न हा सिस्टिम कॉल होतो, जुनी स्थिती परत बसते, आणि मूळ काम जिथे तुटलं तिथून पुढे सुरू होतं. स्टॅकवरच्या या मांडणीचा आकार वाढत गेल्यामुळे एक वेगळंच दुखणं निर्माण झालं, ते प्रश्न १४ मध्ये.

८. हँडलरमध्ये प्रिंटएफ टाकू नका म्हणता, पण कॉलेजच्या प्रॅक्टिकलमध्ये तर तेच शिकवतात आणि ते चालतं!

चालतं, कारण प्रॅक्टिकलमध्ये मुख्य प्रोग्रॅम नुसता झोपलेला असतो. खऱ्या प्रोग्रॅममध्ये तो मॅलॉकच्या, म्हणजे मेमरी मागणाऱ्या फंक्शनच्या, ऐन मध्यात असू शकतो: कुलूप लावलेलं, याद्या अर्धवट जोडलेल्या. त्याच क्षणी हँडलर चालू झाला आणि त्यानेही मॅलॉक मागितलं, तर प्रोग्रॅम स्वतःच लावलेल्या कुलपापाशी कायमचा अडकतो, किंवा मेमरीची रचना बिघडते. प्रिंटएफ, सिसलॉग आतून मॅलॉकला हात लावू शकतात.

याची किंमत किती मोठी असू शकते ते २०२४ मध्ये दिसलं. ओपनएसएसएचमध्ये लॉगिनची मुदत, मुळात १२० सेकंदांची, संपली की सिगअलार्म यायचा आणि त्याचा हँडलर सिसलॉग बोलवायचा. जीलिबसी असलेल्या लिनक्सवर त्यातून लॉगिन न करता रूट, म्हणजे यंत्रावरचे सगळे अधिकार, मिळवण्याची वाट निघाली. सीव्हीई-२०२४-६३८७ ती हीच. २००६ मध्ये हीच चूक दुरुस्त झाली होती. ८.५ मध्ये ती नकळत परत आली आणि १ जुलै २०२४ ला ९.८ मध्ये पुन्हा बुजवली गेली. इतक्या काळजीने लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये हे होऊ शकतं, तर आपण हँडलर छोटाच ठेवावा. एक व्होलटाइल सिग-अ‍ॅटॉमिक झेंडा उंच करा किंवा पाइपमध्ये एक बाइट राइट करा, आणि बाहेर पडा. एररनो (शेवटच्या चुकीचा क्रमांक) आधी जपून ठेवा, शेवटी परत बसवा. शिक्षकांनाही माझी कळकळीची विनंती आहे की पहिल्या प्रॅक्टिकलपासून राइट वापरा. मुलं जे पहिलं पाहतात तेच दहा वर्षं लिहितात.

९. सिग्नल हे फंक्शन वापरू की सिगअ‍ॅक्शन?

सिगअ‍ॅक्शन. जुन्या युनिक्समध्ये हँडलर एकदा चालला की सेटिंग आपोआप मूळपदावर जायचं. हँडलरमध्ये पहिल्याच ओळीत ते पुन्हा लावायचं, आणि त्या मधल्या क्षणात दुसरा सिग्नल आला तर प्रोग्रॅम मेला. १९८३ च्या ४.२ बीएसडीने हे सुधारलं, सिस्टिम-व्हीने जुनंच ठेवलं, आणि सिग्नल या एकाच नावाचे दोन अर्थ झाले. लिनक्स कर्नलचा मूळ कॉल सिस्टिम-व्हीसारखा वागतो, जीलिबसीचं त्याच नावाचं फंक्शन बीएसडीसारखं. सिगअ‍ॅक्शनमध्ये काय हवं ते तुम्ही स्पष्ट लिहिता, त्यामुळे हा घोळच उरत नाही.

१०. रीड मध्येच उणे एक देऊन परत येतो आणि एररनोमध्ये ईइंटर असतं. एसए-रीस्टार्ट लावलं तरी काही ठिकाणी तेच. का?

ईइंटर म्हणजे सिग्नलमुळे काम मध्येच तुटलं. सिगअ‍ॅक्शनमध्ये एसए-रीस्टार्ट लावलं की हँडलर संपल्यावर कर्नल अडलेला रीड, राइट, वेट वगैरे स्वतःच पुन्हा सुरू करतो. पण पोल, सिलेक्ट, ईपोल-वेट आणि नॅनोस्लीप यांना हा झेंडा लागू नाही. हँडलर चालला की ते ईइंटर देणारच. वेळेची मर्यादा लावलेल्या सॉकेटवरचा रीडही त्याच पंक्तीतला. तिथे लूप लिहावाच लागतो.

दोन खोडी लक्षात ठेवा. ईपोल-वेट तर हँडलर नसतानाही, नुसतं सिगस्टॉप-सिगकाँट झालं तरी ईइंटर देतो. डीबगर जोडल्यावरच प्रोग्रॅम बिघडतो, अशी तक्रार आली की मी आधी तिथे बघतो. आणि क्लोजने ईइंटर दिलं तर पुन्हा क्लोज करू नका. लिनक्समध्ये तो फाइल-क्रमांक तोवर मोकळा झालेला असतो, आणि दुसऱ्या थ्रेडने तोच उघडला असेल तर तुम्ही त्याची फाइल बंद कराल.

११. फोर्क आणि एक्झेकनंतर हँडलरांचं काय होतं?

फोर्क प्रोसेसची नवी प्रत, म्हणजे मूल, तयार करतो, एक्झेक त्याच प्रोसेसमध्ये दुसरा प्रोग्रॅम सुरू करतो. फोर्कनंतर मुलाला हँडलर आणि अडवलेल्या सिग्नलांचा मुखवटा जसाच्या तसा मिळतो, साचलेले सिग्नल मिळत नाहीत. एक्झेकनंतर हँडलर पुसले जातात, कारण ज्या कोडमध्ये ते होते तो कोडच उरत नाही. पण दुर्लक्ष टिकतं आणि मुखवटाही टिकतो. नोहप या पहिल्या गोष्टीवर चालतं. दुसरीने घोळ होतात: पालकाने सिगटर्म अडवून ठेवला आणि मुखवटा न काढता दुसरा प्रोग्रॅम सुरू केला, तर तो १५ नंबरला दादच देत नाही.

१२. कोणती प्रोसेस कोणते सिग्नल पकडते किंवा अडवते, हे चालू असताना बघता येतं का?

येतं. प्रॉक फाइलव्यवस्थेत त्या पीआयडीच्या (प्रोसेसच्या क्रमांकाच्या) फोल्डरमधली स्टेटस फाइल उघडा. सिगबीएलके म्हणजे अडवलेले, सिगआयजीएन म्हणजे दुर्लक्षित, सिगसीजीटी म्हणजे हँडलर असलेले. साचलेल्यांच्या दोन ओळी असतात, एक त्या थ्रेडची आणि एक पूर्ण प्रोसेसची. पुढची संख्या सोळाच्या पायात असते आणि उजवीकडचा पहिला बिट म्हणजे सिग्नल १.

समजा सिगसीजीटीच्या शेवटी ४००२ आहे आणि त्याआधी सगळी शून्यं. शेवटचा २ म्हणजे दुसरा बिट, सिग्नल २, सिगइंट. डावीकडचा ४ म्हणजे पंधरावा बिट, सिगटर्म. म्हणजे हा प्रोग्रॅम या दोघांना पकडतो, बाकी कोणाला नाही. प्रश्न ११ मधला घोळ शोधायला याहून सोपी वाट नाही.

१३. अनेक थ्रेड असलेल्या प्रोग्रॅममध्ये सिग्नल कोणत्या थ्रेडला जातो? आणि सिग्नलएफडी वापरल्याने हे सुटतं का?

चुकीच्या पत्त्यामुळे आलेला सिगसेग्व्ही चूक करणाऱ्या थ्रेडलाच जातो. किलने पूर्ण प्रोसेसला पाठवलेला, तो न अडवणाऱ्या कोणत्याही एका थ्रेडला. बहुतेक वेळा तो मुख्य थ्रेड असतो, पण त्यावर विसंबून लिहू नका. कर्नल ६.४ पासून पॉझिक्स टायमरचे सिग्नल सध्या चालू असलेल्या थ्रेडला द्यायला कर्नल पसंती देतो. २.६ च्या आधी तर प्रत्येक थ्रेडला वेगळा पीआयडी असायचा आणि पूर्ण प्रोसेसला सिग्नल ही कल्पनाच नीट नव्हती.

सुटसुटीत पद्धत अशी: थ्रेड तयार करण्याआधी मुख्य थ्रेडमध्ये सिग्नल अडवा, म्हणजे सगळ्यांना तोच मुखवटा मिळेल, आणि एकच थ्रेड सिगवेटवर बसवा. ईपोलचा लूप असेल तर २००७ च्या २.६.२२ पासून मिळणारं सिग्नलएफडी छान बसतं. सिग्नल फाइलसारखा वाचायचा, एका नोंदीला १२८ बाइट. प्रश्न ८ मधली भीती संपते. पण सिग्नल आधी अडवावा लागतोच, म्हणजे मुलांबाबत प्रश्न ११ चा घोळ डोक्यावर राहतो. आणि प्रश्न ६ मधली एकच खूण इथेही तशीच.

१४. उबंटू २०.०४ वर कंपाइल होणारा कोड २२.०४ वर सिगस्टॅक-साइझच्या ओळीवर अडतो. आम्ही काहीच बदललेलं नाही.

तुम्ही नाही, प्रोसेसर बदलले. हँडलरसाठी वेगळा स्टॅक देताना पूर्वी ८,१९२ हा ठरलेला आकडा मिळायचा आणि किमान आकडा होता २,०४८. नव्या प्रोसेसरांतल्या एव्हीएक्स-५१२ ची ३२ रजिस्टरं प्रत्येकी ६४ बाइटची, म्हणजे तीच २,०४८ बाइट झाली. एएमएक्सच्या टाइल्स एकट्याच ८,१९२ बाइटच्या. ही सगळी स्थिती प्रश्न ७ मध्ये सांगितल्याप्रमाणे स्टॅकवर मांडायची, तर जागा पुरणार कशी? म्हणून कर्नल आता खरी गरज प्रोग्रॅमला सुरू होतानाच कळवतो, आणि ऑगस्ट २०२१ च्या जीलिबसी २.३४ पासून ग्नू-सोर्स चालू असेल तर सिगस्टॅक-साइझ हा स्थिर आकडा नसून चालू असताना विचारायचा प्रश्न झाला. त्यामुळे जागतिक अ‍ॅरेचा आकार म्हणून तो चालत नाही. तो अ‍ॅरे काढा, प्रोग्रॅम सुरू होताना सिसकॉन्फला विचारून मॅलॉकने जागा घ्या. मोठा आकडा हाताने ठोकून देणारे पुढच्या प्रोसेसरवर पुन्हा इथेच येतील.

१५. पीआयडी फाइलमधून क्रमांक वाचून किल केलं आणि भलतीच प्रोसेस मेली. टाळता येईल का?

येईल. पीआयडी संपले की पुन्हा पहिल्यापासून वाटले जातात. नेहमीची मर्यादा ३२,७६८ होती, ६४-बिट यंत्रांवर ती ४१,९४,३०४ पर्यंत नेता येते. त्यामुळे गाठ पडण्याची शक्यता कमी होते, शून्य होत नाही. खरा उपाय पीआयडीएफडी. प्रोसेसचा एक फाइल-क्रमांक हातात ठेवायचा, ती मेली तरी तो दुसऱ्या कोणाकडे वळत नाही. त्यावर सिग्नल पाठवायचा कॉल २०१९ च्या ५.१ मध्ये आला, पीआयडीवरून तो उघडायचा कॉल ५.३ मध्ये. ६.९ पासून त्यातून एका थ्रेडला किंवा पूर्ण गटालाही सिग्नल पाठवता येतो.

१६. डॉकर स्टॉप दिल्यावर कंटेनर दर वेळी बरोबर दहा सेकंद घेतो आणि १३७ देऊन संपतो. आमचा हँडलर तर आहे.

१३७ म्हणजे १२८ अधिक ९. डॉकरने सिगटर्म पाठवला, दहा सेकंद वाट पाहिली आणि सिगकिल दिला. तुमचा हँडलर कधी चाललाच नाही, कारण कंटेनरमध्ये एक नंबरची प्रोसेस तुमचा प्रोग्रॅम नसून त्याला सुरू करणारं शेल आहे. शेल सिगटर्म पुढे देत नाही. आणि पीआयडी १ ला कर्नल खास वागवतो: तिने हँडलर लावला नसेल तर सिगटर्म नुसता टाकून दिला जातो. बाहेरून येणारे सिगकिल आणि सिगस्टॉप तेवढे लागू होतात. डॉकरफाइलमध्ये आज्ञा अ‍ॅरेच्या रूपात लिहा म्हणजे मधलं शेल जाईल, किंवा शेल स्क्रिप्ट हवीच असेल तर शेवटच्या ओळीला एक्झेक लावा. मुलं जन्माला घालणारा प्रोग्रॅम असेल तर इनिट पर्याय लावा, म्हणजे झाँबीही उचलले जातील.

१७. टायमरचा सिग्नल आम्ही दुर्लक्षित केलाय, तरी जुन्या बोर्डवर प्रोसेसर सतत जागा होतो. बॅटरीवरचं यंत्र आहे.

ठरावीक वेळाने वाजणारा पॉझिक्स टायमर दुर्लक्षित असला, तरी जुना कर्नल तो पुन्हा पुन्हा चालू ठेवायचा, कारण पुढे कधी तुम्ही दुर्लक्ष काढलं तर सिग्नल मिळायला हवा. जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या ६.१३ पासून असे टायमर बाजूला काढून ठेवले जातात आणि दुर्लक्ष उठलं की परत रांगेत येतात. जुन्या कर्नलवर असाल तर टायमर नको असताना दुर्लक्ष करू नका, वेळ शून्य देऊन तो बंदच करा, आणि हवा तेव्हा पुन्हा लावा.